फुटाला अर्धा इंच

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे आलेल्या बायकांची नजर आधी कुठे जाते, सांगू? टीव्हीशेजारच्या काचेच्या कपाटाकडे. वाण लुटायचं राहतं बाजूला आणि प्रश्न सुरू होतात.

"अय्या, केवढ्याला आणला हो हा डबा?"

"आणला नाही, केलाय."

"तुमच्या ह्यांनी?"

"नाही हो, मी."

मग एक क्षण शांतता. कुणीतरी हसतं, कुणीतरी "खरंच?" म्हणतं. एकीनं तर माझा हात हातात घेऊन बोटं बघितली. बोटांवर पटाशीच्या दोन-तीन खुणा आहेतच, त्या दाखवल्या तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

कपाटात आहे तो आगगाडीचा डबा. वीस इंच लांब, विटकरी लाल रंगाचा, सगळा लाकडी. त्याची दारं उघडतात, खिडक्यांच्या झडपा सरकतात, छप्पर अलगद उचललं की आतले बाक दिसतात, बाकांवरची सामान ठेवायची फळी दिसते. हा डबा आहे आमच्या बार्शी लाइटचा, तिसऱ्या वर्गाचा, बायकांचा.

आता ज्यांनी बार्शी लाइट पाहिलीच नाही त्या मुलींसाठी थोडं सांगायला हवं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही गाडी आणली. कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा १८९७ साली सुरू झाला. १९११ मध्ये ती लातूरपर्यंत गेली आणि १९२७ मध्ये पंढरपूरवरून पुढे मिरजेपर्यंत. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. कंपनीची ही गाडी १९५४ साली सरकारनं घेतली. पुढे २००१ नंतरच्या दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि आमची छोटी गाडी संपली. मोठी गाडी आली, वेगानं आली, सोय झाली, याबद्दल तक्रार नाही. पण वारीच्या दिवसांत टपासकट भरलेली ती गाडी बघितलेल्या माणसाला रुखरुख वाटायचीच.

एक गंमत सांगते. याच कॅलथ्रॉप साहेबानं पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानातून उडी मारायचं पॅराशूट तयार केलं. त्याचं नाव ठेवलं होतं 'गार्डियन एंजल'. गाडी असो की छत्री, माणूस सुखरूप खाली उतरला पाहिजे, एवढीच त्या माणसाला काळजी असावी असं मला आपलं वाटतं!

टोक धर

माझे वडील, अण्णा, कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये सुतार होते. डब्यांची दुरुस्ती हे त्यांचं काम. कुजलेली फळी काढायची, नवी बसवायची, दार पडलं तर उभं करायचं, बाक हलला तर घट्ट करायचा. घरीही त्यांचं काही ना काही चाललेलं असे. मी आठ-दहा वर्षांची असताना त्यांच्यामागे उभी राहायचे. फळी कापताना ते म्हणायचे, "टोक धर गं." मी टोक धरायची. भाऊ मोठा झाला तसा त्याच्या हातात करवत आली, रंधा आला. माझ्या हातात फळीचं टोकच राहिलं. त्यात अण्णांचा दोष होता असं नाही म्हणणार मी. त्या काळी मुलीच्या हातात पटाशी द्यायची असते हे कुणाच्या डोक्यातच येत नसे. माझ्यासुद्धा आलं नाही.

अण्णा गेल्यावर त्यांची हत्यारांची पेटी भावाकडे गेली आणि माळ्यावर पडली. भाऊ बँकेत, त्याला काय उपयोग? चार-पाच वर्षांपूर्वी माझा नातू प्लास्टिकची झुकझुक गाडी खेळत होता. त्यानं विचारलं, "आजी, तुझ्या गावाची गाडी अशीच होती?" मी म्हटलं, "छे रे, आमची लाकडाची होती." "मग दाखव ना." आता दाखवू काय? फोनवर इंजिनाचे फोटो मिळाले खंडीभर. काळं, धूर सोडणारं इंजिन पुढून, बाजूनं, पुलावरून. डबे मात्र मागे कुठेतरी पुसट. आणि डब्याच्या आतला फोटो तर मला एकही मिळाला नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला गेले तेव्हा भावाला म्हटलं, "ओवाळणी नको, अण्णांची पेटी दे." तो म्हणाला, "अगं घेऊन जा, गंजलीय सगळी." पेटीत रंधा होता, तीन पटाश्या, गुण्या, छोटी करवत, कानस आणि तळाशी मेणकापडात गुंडाळलेली एक वही. वहीत अण्णांच्या अक्षरात डब्याची मापं. दाराची रुंदी, खिडकीची उंची, बाकाची खोली. शेजारी पेन्सिलीनं काढलेली चित्रं. मी ती वही मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसले होते.

मापाचं गणित

खेळण्यातली गाडी आणि मॉडेल यात फरक असतो तो मापाचा. मॉडेलमध्ये सगळं एकाच प्रमाणात लहान व्हायला हवं. दार निम्म्यानं लहान आणि खिडकी पावपट, असं चालत नाही. जगभरात यासाठी ठरलेली प्रमाणं आहेत. पुण्यात कोथरूडला जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेलं. तिथल्या गाड्या खऱ्याच्या ८७ पट लहान. बघताना डोळ्यांचं पारणं फिटतं. पण त्या मापात माझा डबा साडेपाच इंचांचा झाला असता, त्यात बोटही गेलं नसतं. मला तर आतलं सगळं करायचं होतं.

परदेशात मोठ्या मापाच्या गाड्यांचाही छंद आहे, अगदी घरामागच्या बागेत पळवायच्या गाड्या. जर्मनीतल्या लेहमान कंपनीनं १९६८ साली ४५ मिलिमीटर रुळांवरच्या गाड्या बाजारात आणल्या. इंग्लंडमधले हौशी लोक ३२ मिलिमीटरचे रूळही वापरतात. हे वाचलं आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. आपल्या गाडीचे रूळ अडीच फुटांचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला २४ नं भागलं तर येतात पावणेबत्तीस, म्हणजे जवळपास ३२! म्हणजे खऱ्याच्या चोविसावा भाग धरला की गणित जमलं. आणि चोविसावा भाग म्हणजे काय? एका फुटाला अर्धा इंच. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला याहून सोपं माप दुसरं कोणतं? त्यातही आणखी एक सोय सापडली. खऱ्या डब्यातला एक इंच म्हणजे मॉडेलमध्ये साधारण एक मिलिमीटर. सहा इंची फळी असेल तर सहा मिलिमीटरची पट्टी कापायची. डोकं चालवायची गरजच नाही.

पहिला डबा फुगला

पहिला डबा मी केला आइस्क्रीमच्या काड्यांचा, आणि तोही ऐन श्रावणात. काड्या काडीला काडी भिडवून चिकटवल्या, वर रंग दिला. आठ दिवसांत पाऊस लागला आणि सगळा डबा फुगून केळ्यासारखा वाकला. खिडक्यांच्या झडपा अडकल्या त्या अडकल्याच. आमचे हे म्हणाले, "वळणावरचा डबा केलास वाटतं!" मी आठ दिवस पेटी उघडली नाही.

मग वहीत पुन्हा शोधलं. एका पानावर अण्णांनी लिहिलं होतं: "फळी वाळल्याशिवाय लावू नये. दोन फळ्यांत श्वासाला जागा ठेवावी." सुतारकामाचं सगळं शहाणपण या दोन ओळींत आहे. लाकूड झाडापासून तुटलं तरी पावसाळ्यात पाणी ओढतं आणि उन्हाळ्यात आकसतं. दुसऱ्या डब्यासाठी मी पट्ट्या कापून वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात वर तीन महिने ठेवल्या. काम काढलं ते माघात.

लाकूड कोणतं, हाही प्रश्न होता. खरे डबे सागवानाचे असायचे म्हणून मीही आधी सागच आणला. पण लाकूड लहान कापलं म्हणून त्याचे रेषे लहान होत नाहीत! सागाच्या ठसठशीत रेषा छोट्या दारावर अशा दिसायला लागल्या, जणू दाराला भेगा पडल्यात. वखारवाल्या काकांना अडचण सांगितली. त्यांनी हेदूचे तुकडे दिले. पिवळसर, गुळगुळीत, रेषा जवळजवळ न दिसणारं लाकूड. रंग दिला की कुठलं झाड होतं हे कळतही नाही.

आधी सांगाडा करायचा. खालची चौकट, उभे खांब, वरची पट्टी आणि छपराच्या कमानी. एका टोकाला कुसू, दुसऱ्याला खाच, आणि मग डिंक. चौकट गुण्यात आहे की नाही हे पहिल्या दिवशीच बघायचं. तिथे एक मिलिमीटर चुकलं तर शेवटी छप्पर बसताना तेच चार मिलिमीटर होऊन पुढे येतं. सांगाडा उभा राहिला की बाहेरून पट्ट्या लावायच्या. चाकं मात्र मला जमणारी नव्हती. गावातल्या लेथवाल्यानं लोखंडाची करून दिली. चाकाच्या आतल्या बाजूला रुळावरून घसरू नये म्हणून कडा असते, ती त्याला समजावताना माझी पुरेवाट झाली. शेवटी घरातली कथलाची वाटी उपडी ठेवून दाखवली.

बाकीचं सामान मात्र आपल्याच घरात निघालं. दाराशी धरायच्या मुठी केल्या ब्लाउजच्या हुकांच्या. खिडक्यांच्या गजांना टाचण्या लागल्या, बरोबर अर्ध्या इंचाच्या गजाचं माप. लोखंडी पट्टीवर रिबिटांचे फुगीर ठिपके असतात, ते कसे करावे सुचेना. मग मेंदीचा कोन केला, त्यात डिंक भरला आणि नक्षी काढावी तसे एकेक ठिपके देत गेले. वाळल्यावर वरून काळा रंग. रिबिटं तयार! पूर्वी लाकडी छपरावर जाड कापड ताणून त्यावर रंगाचे हात देत, पाणी आत येऊ नये म्हणून. मी ह्यांच्या जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा ताणला. सगळं मिळून खर्च आला दोन-अडीच हजार. वेळ लागला आठ महिने, तोही दुपारी दोन ते चार एवढाच.

"फटी कुठं हायत?"

आमच्या सासूबाई, आत्याबाई म्हणतो आम्ही त्यांना, नव्वदीच्या पुढे आहेत. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची नजर गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पण हात इतके शहाणे की शेंगा सोलतील, मेथी निवडतील, नोट चाचपून शंभराची की पन्नासाची ते सांगतील. माझी ही ठोकाठोकी त्यांना पसंत नव्हती. "बाईमाणसानं भुसा पाडत बसायचं व्हय? ह्यात बसायचं कोण?" असं त्यांचं रोजचं. मी ऐकून घ्यायची. आमचं दोघींचं कधी भांडण झालं नाही, पण फार गूळपीठही नव्हतं. चाळीस वर्षं एका घरात राहून कामापुरतं बोलणाऱ्या सासू-सुना कमी नसतात.

डबा पुरा झाला त्या दिवशी नातवानं तो उचलून थेट आत्याबाईंच्या मांडीवर ठेवला. मी धसकलेच. रंग अजून पुरता वाळला नव्हता. आत्याबाईंनी आधी छपरावरून हात फिरवला. मग खिडक्या मोजल्या. मग दार उघडलं, मिटलं. मी छप्पर काढून दिलं तसा त्यांचा हात आत गेला. अंगठा बाकावरून फिरला आणि थांबला.

"फटी कुठं हायत?"

"कसल्या फटी, आत्याबाई?"

"बाकाच्या. ही सलग फळी घातलीयास तू. अशी नव्हती. पट्ट्या होत्या, मधी मधी फटी. पाठीलाबी पट्ट्या."

खरं सांगते, मला रागच आला. आठ महिने खपून केलेलं काम, आणि पहिलीच चूक यांनी काढावी? वहीत बाकाचं चित्र होतं ते बाजूनं काढलेलं. बाजूनं बघितलं तर फटी दिसणार कशा? मी म्हटलं, "अण्णांच्या वहीत तसं नाही." त्या म्हणाल्या, "तुझ्या अण्णांनी बाक केला आसंल. बसले मी."

मग जरा वेळानं, कुणी न विचारता, त्या बोलायला लागल्या. त्यांची पहिली मुलगी, म्हणजे माझ्या ह्यांची सगळ्यात मोठी बहीण, दीड वर्षाची असताना घटसर्पानं आजारी पडली. गावात इलाज होईना, म्हणून मिरजेला न्यायचं ठरलं. बार्शी लाइटनं कुर्डुवाडी आणि तिथून पंढरपूरवरून मिरज. बरोबर आत्याबाईंचा धाकटा दीर, तो पुरुषांच्या डब्यात. ह्या एकट्या बायकांच्या डब्यात, वय असेल एकोणीस-वीस. रात्रीची वेळ, थंडीचे दिवस. बाकाच्या फटींतून खालून गार वारा यायचा. पोरीला गार लागू नये म्हणून त्यांनी लुगड्याची घडी करून फटींवर घातली आणि तिला वर निजवलं. डब्यातल्या एका अनोळखी म्हातारीनं आपली घोंगडी काढून दिली. गाडी सावकाश जायची. "उतरून चालत गेले आसते तर आदी पोचले आसते, आसं वाटायचं," त्या म्हणाल्या.

मिरजेला चार दिवस होत्या. परत येताना मांडी रिकामी होती.

घरी आल्यावर सासऱ्यांनी सांगितलं, पुन्हा नाव काढायचं नाही. पुढे तीन मुलं झाली, संसार झाला, नाव काढलं नाही. ह्यांनासुद्धा आपल्याला मोठी बहीण होती एवढंच उडत उडत माहीत होतं. तिचं नाव त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा ऐकलं. ते इथे लिहीत नाही, घरातच राहू दे.

मी त्या रात्री झोपले नाही. अण्णांचं आणि आत्याबाईंचं म्हणणं मनात घोळत होतं. ज्यानं बाक केला त्याला त्याचं माप माहीत. पण त्या बाकावरून खालून वारा येतो, रात्री तो झोंबतो, हे माहीत कुणाला? जी पोर घेऊन त्यावर बसली तिला. मी मापं घेतली होती, बसणारीला विचारलंच नव्हतं. ती तर माझ्याच घरात, शेजारच्या खोलीत होती.

बाक पुन्हा केले

दुसऱ्या दिवशी सगळे बाक उपटले. दोन इंची पट्टी म्हणजे दोन मिलिमीटर, अर्ध्या इंचाची फट म्हणजे अर्धा मिलिमीटर. एका बाकाला अशा सात पट्ट्या. फट सारखी यावी म्हणून दोन पट्ट्यांमध्ये दोन पोस्टकार्डं धरायची, डिंक ओढला की हळूच काढून घ्यायची. पोस्टकार्ड चिकटून बसलं की संपलं. पहिल्या दोन बाकांचं तसंच झालं. पण दोन महिन्यांत सगळे बाक झाले. प्रत्येक बाक झाला की आधी आत्याबाईंच्या हातात. त्यांनी अंगठा फिरवून "हं" म्हटलं की मगच डब्यात. एकदा एक बाक त्यांनी परत केला. एक पट्टी वर आली होती, केसाएवढी. मला दिसली नव्हती.

ही गोष्ट हळूहळू गल्लीत कळली आणि बायका यायला लागल्या. बार्शी लाइटमधून माहेरी गेलेल्या, वारीला गेलेल्या, नवी नवरी म्हणून आलेल्या. कुणी सांगितलं, "वरच्या फळीला लुगड्याची झोळी बांधायचो आम्ही, पोरं गाडीच्या झोक्यानं आपोआप निजायची." कुणी म्हणालं, "पाण्याचा तांब्या बाकाखाली ठेवायचा, दोन पायांच्या मधे, म्हणजे कलंडत नाही." एक आजी म्हणाल्या, "दाराशेजारची जागा धरायची नाही, कोळशाची भुकटी डोळ्यांत जाते. पण माहेरचं स्टेशन आलं की सगळ्या दाराशीच!" मी सगळं लिहून घेतलं, अण्णांच्याच वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर. पुढून सुताराची मापं, मागून बायकांच्या आठवणी. दोन्ही मिळून डबा पुरा होतो.

इंजिनाचं वजन, त्याचं वर्ष, त्याचा कारखाना, हे सगळं कुठे ना कुठे लिहून ठेवलेलं असतं. डब्याच्या आत काय होतं ते फक्त बसणाऱ्यांना माहीत. त्यातल्या एकेक जणी आता जायला लागल्या आहेत. म्हणून मैत्रिणींनो, एक सांगावंसं वाटतं. सगळ्यांनी डबा करावा असं नाही. पण घरात कुणी ऐंशी-नव्वदीची असेल तर तिला विचारा, जुन्या गाडीत कशी बसायचीस, काय बरोबर न्यायचीस, कुठे उतरायचीस. आणि ज्यांना खरंच करून बघायचंय त्यांनी पावसाळ्यात सुरू करू नका, आधी एकच बाक करा, आणि पटाशी नेहमी आपल्यापासून लांब ढकला, आपल्याकडे ओढू नका. माझ्या बोटांवरच्या खुणा याच चुकीच्या.

डबा आता पुरा आहे. वरच्या फळीला एक झोळी आहे, बाकाखाली मण्याचा केलेला तांब्या आहे. माणसं मी केली नाहीत. बाहुल्या बसवून बघितल्या, पण बऱ्या दिसेनात.

सगळ्यात शेवटी आत्याबाईंनी त्यांची पत्र्याची ट्रंक उघडायला लावली. तळाशी जुनं इरकली लुगडं होतं. "ह्याचा कोपरा काप," त्या म्हणाल्या. मी कापला, आठपदरी घडी केली, दाबून दोऱ्यानं टाचली आणि खिडकीशेजारच्या बाकावर ठेवली. लाकडाचे रेषे लहान होत नाहीत तसं कापडही लहान होत नाही. घडी चांगली चार मिलिमीटर जाड झाली, म्हणजे खऱ्या डब्यात चार इंचांची गादीच. इतके महिने मी केसाएवढं माप सोडलं नव्हतं.

मी म्हटलं, "आत्याबाई, घडी मापात नाही बसली. जाड झालीय."

त्यांनी छपराच्या जागेतून हात आत घातला, घडी चाचपली, खालच्या पट्ट्या चाचपल्या.

"आसू दे," म्हणाल्या. "गार लागायचं न्हाई."